हार नको, फडके आण

मित्रांनो, करवत म्हटले की तुमच्या डोळ्यांसमोर सुताराच्या हातातली, पुढे-मागे ओढायची करवत येत असेल. मी तशी नाही. मी टेबलाची करवत आहे, आणि आता चांगली जुनी झाले आहे. चार लोखंडी पायांवर माझे बिडाचे जड टेबल आहे. टेबलाच्या मधोमध एक फट आहे आणि त्या फटीतून माझे गोल, दातेरी पाते वर डोकावते. खाली मोटर फिरली की पट्टा फिरतो, पट्ट्याने दांडा फिरतो आणि दांड्यावरचे पाते गरगरू लागते. माणसाने फळी फक्त पुढे सरकवायची. कापायचे काम माझे. तुम्हांला ही बढाई वाटेल. पण जे खरे आहे ते सांगायला मी कशाला लाजू?

माझा जन्म बेळगावच्या एका फाउंड्रीत झाला. वितळलेले बीड साच्यात ओतले, ते थंड झाले आणि माझे टेबल तयार झाले. मग ते घासून घासून इतके सपाट केले की वर पाण्याचा थेंब ठेवला तर त्याला कुठे जावे ते कळेना. एके दिवशी मला ट्रकमध्ये चढवले. चोर्ला घाट उतरून, साखळी, कारापूर, डिचोली मागे टाकत मी पेडणे तालुक्यात आले. तुयेच्या औद्योगिक वसाहतीत लाकडी खोकी बनवण्याचा एक कारखाना होता. तिथे मला उतरवले आणि माझी नोकरी सुरू झाली.

मला चालवणारा कामगार होता निवृत्ती. गडहिंग्लजकडचा, धिप्पाड, मिशा राखलेला. त्याची एक सवय होती. सकाळी मला सुरू केले की खिशातून एक नाणे काढायचा आणि माझ्या टेबलावर कडेवर उभे ठेवायचा. खाली मोटर घुमते आहे, पाते फिरते आहे, आणि नाणे मात्र जागच्या जागी उभे! जे यंत्र थरथरते त्याच्यावर नाणे उभे राहत नाही, हे तर तुम्हांला कळलेच असेल.

"बघा, नाणं सुदीक हलंना," तो बाकीच्यांना बोलावून दाखवायचा. "माझी बाय लई गुणाची हाय."

ते ऐकून माझे लोखंड सुद्धा फुलून येई. मोपाच्या पठारावर विमानतळाचे काम चालले होते तेव्हा तिकडे जाणारे सामान ज्या खोक्यांतून गेले, त्यांतल्या कितीतरी फळ्या मी कापल्या आहेत. आज डोक्यावरून विमान गेले की मला वाटते, जा बाबा, सांभाळून उतर, त्या कामात माझाही वाटा आहे. पाते हसू शकत नाही म्हणून. नाहीतर मी हसले असते.

मग एका वर्षी खंडेनवमी आली. दसऱ्याच्या आदल्या दिवशी हत्यारांची पूजा करतात, ती. निवृत्तीने त्या दिवशी मला नवे पाते चढवले. पाते दोन लोखंडी चकत्यांच्या मध्ये बसते. एक चकती आत, दांड्याच्या बाजूला. दुसरी बाहेर, आणि तिच्यावर नट. दोन्ही चकत्या काढून, नवे पाते हातात घेऊन तो थांबला, आधी झेंडूचा मोठा हार आणून माझ्या उघड्या दांड्याच्या गळ्यात घातला, हात जोडले, नारळ फोडला. बाकीचे प्रसादासाठी घाई करत होते. त्याने हार बाजूला ओढला, चकत्यांसह पाते बसवले आणि नट आवळला. हाराचे एक टोक तुटून आतल्या चकतीच्या मागे राहिले, हे त्यालाही कळले नाही आणि मलाही नाही.

सणानंतर मला सुरू केले, निवृत्तीने नेहमीसारखे नाणे उभे केले, आणि ते टण्णकन पडले. त्याने पुन्हा ठेवले. पुन्हा पडले. माझे पाते फिरताना डुलत होते. फळीची कड सरळ येईना, लाटांसारखी येऊ लागली. मालकाने पाते बदलून पाहिले. बाहेरची चकती काढली, नवे पाते लावले, तरी डुलणे तसेच. आतली चकती कोण काढतो? शेवटी सगळ्यांनी मान हलवली आणि निकाल दिला की हिचा दांडा वाकला. सगळेच म्हणतात म्हटल्यावर मलाही ते खरे वाटू लागले.

कारखान्यात नवे चकचकीत यंत्र आले. निवृत्ती घरच्या शेतीसाठी गावी निघून गेला. जाण्याआधी माझ्यापाशी आला, टेबलावरून हात फिरवला, पण नाणे काही काढले नाही. मला कोपऱ्यात ढकलले. माझ्या सपाट टेबलावर लोक रंगाचे डबे ठेवू लागले, चहाचे ग्लास ठेवू लागले. पावसाळ्यातल्या दमट हवेने गंज चढला. मित्रांनो, एखाद्याला शिव्या दिलेल्या परवडतात, पण त्याच्याकडे कोणी पाहतच नाही, हे फार वाईट असते. भंगारवाल्याला बोलावणे गेले होते. त्याच्या आधी गौरवी आली, हे माझे नशीब.

गौरवी शेजारच्याच एका कारखान्यात फिटर होती. आयटीआय शिकलेली, बोलायला तडतडी. तिने डबे उचलून बाजूला ठेवले, नखाने गंज खरवडला, वाकून माझे पोट पाहिले आणि मालकाकडून मला भंगाराच्या भावात विकत घेतले. तिच्या मनात काय होते ते मला नंतर, तिच्या घरी कळले. आता तेच सांगते.

गौरवीचे बाबा शिवदास. शेती सांभाळून सुतारकाम करत, म्हणून सगळा गाव त्यांना शिवदास मेस्त म्हणे. गावच्या देवीच्या जत्रेला दशावतारी नाटक होते. तुम्ही ते पाहिले असेल तर तुम्हांला ठाऊक असेल, त्या रंगमंचावर सामान असे काही नसतेच. एक लाकडी बाक तेवढा असतो. राजा बसला की तो सिंहासन, देव वर चढला की तो पर्वत, आणि युद्ध सुरू झाले की तोच रथ. तो देवळाचा बाक शिवदासांच्या घरून जायचा. जुना झाला की नवा तेच करायचे. त्याचा मान त्यांच्या घराला होता.

आदल्या वर्षी जत्रेत काय झाले? राजाचे काम करणारे नट दत्तप्रसाद तलवार उपसून आवेशात बाकावर उडी घेऊन चढले, आणि बाकाचा पाय निसटला. राजा मुकुटासकट खाली! लोक हसून लोटपोट झाले. दत्तप्रसाद कसलेले नट, उठून त्यांनी "कोण आहे रे तो, ज्याने आमचे सिंहासन पोखरले?" असे काहीतरी म्हणून वेळ मारून नेली. पण प्रेक्षकांत बसलेल्या शिवदासांना ते लागायचे तिथे लागले.

कारण पाय का निसटला ते त्यांना माहीत होते. दोन वर्षांपूर्वी नारळ काढताना पडून त्यांचे मनगट मोडले होते आणि हाड वाकडे जुळले होते. करवत ओढताना हात सरळ राहत नसे. पायाचे टोक वाकडे कापले गेले, खाचेत फट राहिली आणि ती फट त्यांनी पाचर मारून लपवली होती. घरी येऊन त्यांनी हत्यारांची पेटी माळ्यावर टाकली. पुढल्या जत्रेला देवळाची कमिटी स्टीलचा बाक आणणार असे ठरू लागले. तेव्हा ही तडतडी मुलगी भर बैठकीत उठून म्हणाली, "बाकडो आमच्या घरसून येतलो. फणसाचो. बाबा करतले." बाबांना तिने विचारलेसुद्धा नव्हते!

म्हणजे बघा, आता बाक झाला नाही किंवा पुन्हा मोडला, तर मेस्तांच्या घराचा मान गेलाच म्हणून समजा. आणि तो मान वाचवायला तिने आणली कोणाला? गंजलेल्या, दांडा वाकलेल्या मला!

टेम्पोतून मला पडवीत उतरवले तेव्हा शिवदास खिडकीपाशी उभे होते. त्यांनी मला पायापासून पात्यापर्यंत पाहिले.

"ह्यां कसलां मेज हाडलंस गो?" ते म्हणाले. "भंगारवाल्याची वाट चुकली काय?"

"मेज न्हय बाबा, करवत. लोखंड चांगलां आसा. वरचो गंज काडलो की झालां."

"माका करवत नाका नि बाकडो नाका. कमिटीक सांगून ये."

"मी नाय सांगूचंय. तुमीच सांगा जावन."

शिवदास गेले नाहीत. गौरवी सुटीच्या दिवशी माझ्याशी झटू लागली. रॉकेल आणि पॉलिश पेपर घेऊन तिने माझे टेबल घासले. कारखान्यातली माझी मोटर घरच्या विजेवर चालणारी नव्हती; तिने एका बंद पडलेल्या पिठाच्या गिरणीची मोटर मिळवली आणि नवा पट्टा घातला. ग्रीस भरले. गौरवीची आई पद्मावती चुलीकडून दर थोड्या वेळाने ओरडे, "पिन काडलंय मगे? पयली पिन काड, मगे हात घाल!" पिन म्हणजे विजेचा प्लग. त्या माउलीला यंत्रातले काही कळत नसे, पण सगळ्यांत महत्त्वाचे तेवढे नेमके कळत असे.

हळूहळू शिवदास पडवीत घुटमळू लागले. आधी लांबून, मग जवळून. मग एके दिवशी, "असो घासतत काय? हाड हंय," असे म्हणून त्यांनी कागद हातात घेतला. वाकड्या मनगटाचा तो हात. पण काय सांगू, टेबलाच्या कडा त्यांनी अशा घासल्या की माझे बेळगावचे दिवस मला आठवले.

अखेर मला सुरू करायचा दिवस आला. गौरवीने एक फळी पुढे सरकवली. मी सगळा जीव ओतून कापले. कड पाहिली तर तीच जुनी लाट! गौरवीचा चेहरा पडला. बेअरिंग हाताने फिरवून पाहिले, ते ठीक होते. तिने बाबांकडे पाहिले.

"दांडो वाकलो हिचो," शिवदास म्हणाले. मग आपले मनगट पुढे करून हसल्यासारखे केले. "माझो हात वाकडो, हिचो दांडो वाकडो. जोडी बरी जमली."

ते हसू मला बोचले. त्यांनी माझ्यावर फडके टाकले आणि आत गेले. गौरवी पायरीवर कितीतरी वेळ बसून राहिली. जत्रा जवळ येत होती आणि मी परत कोपऱ्यातली झाले होते.

इतक्यात खंडेनवमी आली. माझा जीव धसकला, कारण माझे वाईट दिवस त्याच सणापासून सुरू झाले होते. पण मित्रांनो, या घरची खंडेनवमी वेगळी होती. इथे पूजेआधी प्रत्येक हत्यार उघडून धुवायची पद्धत. रंध्यातून पाते काढायचे, कुऱ्हाडीतून दांडा काढायचा, पटाशीची मूठ काढायची, सगळे पुसून तेल लावायचे आणि मगच पाटावर मांडायचे. माळ्यावरची पेटीही त्या दिवशी खाली आली. गौरवीने माझे पाते आणि बाहेरची चकती काढून पुसली आणि ती हळदीकुंकू घ्यायला निघाली.

"आणि भितरली?" शिवदासांनी विचारले.

"ती निघना नाय बाबा. ती दांड्याचीच आसा."

"निघना नाय तर तिच्या पाठसून गंज कित्याक येता? देवाक उष्ट्या पाटार बसयतत काय? काड ती."

ती चकती गंजाने अशी चिकटली होती की फिटर मुलीलाही ती दांड्याचाच भाग वाटली होती. बापलेकीने खोबरेल कोमट करून सोडले. लाकडी ठोकळा धरून हलक्या हाताने ठोकले. एकदा, पुन्हा, पुन्हा. आणि चकती सुटली. तिच्यामागे काळे, घट्ट काहीतरी चिकटले होते. गौरवीने ते सुईने उकरून काढले. दोऱ्याची गुंडाळी होती ती, आणि त्यात दाबून कोळसा झालेल्या झेंडूच्या पाकळ्या!

शिवदासांनी ती गुंडाळी तळहातावर घेऊन उजेडात धरली. मग शिवदासांना हसू फुटले. बाक मोडल्यापासून ते असे हसले नव्हते, हे पद्मावतीच्या चेहऱ्यावरून कळले. ती हातातला उंडा, म्हणजे गोल पाव, तसाच धरून बाहेर धावत आली होती.

"हार घातलो कोणेतरी," शिवदास डोळे पुसत म्हणाले. "मायेन घातलो असतलो गो. पण हार घालून मोकळो झालो. पुसूक इसारलो."

मला निवृत्तीची आठवण झाली. त्याच्यावर मी कधीच रागावले नव्हते, आताही नाही. पण माझा दांडा वाकला नव्हता! इतकी वर्षे मी ज्याची लाज बाळगली, ते माझ्यात नव्हतेच. मला ओरडून ते तुयेपर्यंत सांगावेसे वाटले.

चकती पुसून परत बसवली, पाते बसवले, नट आवळला. पूजा झाली. माझ्या टेबलावर एक फूल ठेवले होते, ते उचलून बाजूला काढल्यावरच पिन लावली. मी घुमू लागले. शिवदासांनी खिशातून एक नाणे काढले आणि माझ्यावर उभे केले. ही युक्ती त्यांना कोणी शिकवली कोण जाणे. चांगल्या कारागिरांना ती आपोआप सुचत असावी. नाणे उभे राहिले. मी फिरत राहिले आणि ते उभेच राहिले.

मग काय विचारता! अंगणातल्या फणसाच्या जुन्या फळ्या निघाल्या, पिवळ्याधमक, सुकून टणक झालेल्या. शिवदास गुण्या लावून पेन्सिलीने रेघ मारत, गौरवी फळी धरून पुढे सरकवी आणि मी रेघेवरून केसभरही न ढळता जाई. जिथे हाताला सरळ जाता येत नव्हते तिथे मी सरळ जात होते. आणि जिथे मला काही कळत नव्हते, खाच किती खोल, पाय किती तिरके, तिथे शिवदासांचे डोळे होते. पायाचे टोक खाचेत घातले तेव्हा ते अर्ध्यावर अडले. शिवदासांनी मोगरीने दोन ठोके दिले. टोक आत जाऊन घट्ट बसले. फटीत नख जाईना.

गौरवीने सवयीने पाचरांचा डबा पुढे केला.

"तो खंय हाडलंस?" शिवदास म्हणाले. "चुलीक घाल."

जत्रेच्या दिवशी चार माणसे आली आणि बाक उचलून देवळाकडे घेऊन गेली. मी काही नाटकाला जाऊ शकत नाही. पद्मावती सांगते की शिवदास नाटक पाहायला गेले खरे, पण राजा बाकावर चढायची वेळ आली तेव्हा डोळे मिटून बसले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी पडवीत चहा आणि उंडे चालले होते. तोच फाटकातून दत्तप्रसाद आत आले. तोंड धुतले होते, पण कानामागे राजाचा गुलाबी रंग तसाच होता. गळ्यात रात्री कमिटीने घातलेला हार होता.

शिवदास लगबगीने उठले. "गेल्या वर्षा तुमकां पडूचां लागलां..." असे म्हणत त्यांनी खुर्ची पुढे केली.

"मेस्तानु, तां सोडा," दत्तप्रसाद म्हणाले. "काल मी मुद्दाम तीनदा उडी मारलंय. तिसऱ्या वेळेक माझोच पाय दुखलो, बाकडो काय हलाक नाय! खंय आसा ती करवत? तिच्या पाया पडूचां आसा माका."

गौरवीने मला दाखवले. दत्तप्रसाद माझ्यासमोर आले, त्यांनी गळ्यातला झेंडूचा हार काढला आणि दोन्ही हातांनी माझ्या पात्यावर धरला.

"हार नाका!" बापलेक दोघेही एकदम ओरडले. पद्मावतीच्या हातातला चहा सांडला. राजा हार हातात धरून, तोंड उघडे टाकून तसाच उभा राहिला.

शिवदासांनी तो हार त्यांच्या हातातून अदबीने घेतला आणि लांब खुंटीला अडकवला. मग खांद्यावरचे फडके काढून त्यांच्या हातात दिले. "हिच्या पाया पडूचां आसा तर ह्यां घेवा," ते म्हणाले. "कालचो भुसो आसा अजून."

आणि मित्रांनो, राजाने वाकून माझे टेबल पुसले. कोपरे पुसले, फटीतला भुसा फुंकून काढला. बेळगावापासून आजवर मी पुष्कळ कौतुक ऐकले; पण त्या सकाळी मला जेवढा अभिमान वाटला तेवढा कधीच वाटला नाही. शिवदास शेजारी छाती काढून उभे होते. त्यांचे वाकडे मनगट माझ्या टेबलावर टेकले होते.

आता मी याच पडवीत असते. गावातल्या खिडक्या, चौरंग, शाळेची बाकडी माझ्याकडे येतात. हत्यारांची पेटी पुन्हा माळ्यावर गेलेली नाही.

मित्रांनो, तुमच्याही घरात एखादी सायकल असेल, शिवणयंत्र असेल, पंखा असेल. सणाच्या दिवशी तुम्ही त्याला हार घालता, ते आम्हांला आवडते, खोटे कशाला बोलू? पण फूल वाहण्याआधी एकदा मोठ्यांना बोलावून आम्हांला उघडा. धूळ काढा, तेलाचा थेंब द्या. आणि एखादे यंत्र बिघडले, एखाद्याचा हात चुकू लागला, तर तो वाकलाच असे लगेच ठरवू नका; आत काय अडकले आहे ते आधी बघा. हो, आणि हात घालण्यापूर्वी पिन काढा. पद्मावती इथेच बसली आहे, ती ओरडेल.